मोटारीच्या अंगात सहदेव

बाळापूरच्या मोटार अड्ड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. नवरात्राच्या तोंडावर सहदेव डायव्हर हिवतापानं गेला आणि खंडेनवमीनंतर तो चालवायचा ती अकोल्याची मोटार उभ्या जागी थडथडू लागली. झालं, भुतं उतरवणाऱ्या नथ्थूबुवांना रान मोकळं! म्हणे, सहदेव मोटारीच्या अंगात आला.

नवा डायव्हर बुवांचाच मेव्हणा. त्याला आत बसवून बुवांनी चिमटा वाजवला. "सहदेवा, तुले तुह्या बायकोनंच खाल्लं ना? हो असंन त शांत हो."

थडथड थांबली. मोटार गुमान घुरघुरू लागली. लोकांनी हात जोडले.

सहदेवची बायको तानुबाई कडेला उभी होती. तिला ना राग आला ना रडू. सासू, पार्बताबाई, म्हणाली, "आता माह्या घरात पाय ठेवू नको." तानुबाईनं नुसती मान हलवली. कोणा दुसरीलाच हाकलून राहिले, असं तिला वाटलं.

अकोल्याला निघालेले डॉक्टर शेषराव गर्दीतून पुढं आले. त्यांची स्वतःची मोटार गर्दीत अडकली होती; तिचं इंजिन ते स्वतःच दुरुस्त करत. "बुवा, मेव्हण्याले खाली उतरवा, मंग पुसा."

"आत्मा रागावते."

"रागावू द्या."

मेव्हणा उतरला. बुवा घसा फुटेस्तोवर ओरडले, मोटार थडथडतच राहिली. डॉक्टरांनी आत बसून पायानं वेग वाढवला, ती शांत झाली. पाय उचलला, पुन्हा थडथड. "सहदेव नाही, मेव्हण्याचा पाय बोलून राहिला."

"पन थडथडते काहून?" मोटारीचे मालक वामनरावांनी विचारलं.

डॉक्टरांनी इंजिनाचं झाकण उघडलं. लाकडी मुठीच्या पेचकसानं एकेका प्लगची ठिणगी तोडून पाहिली. पहिल्या तीन वेळा इंजिन आणखी मंदावलं. चौथ्या प्लगला मात्र काहीच फरक पडला नाही. "हाच बंद हाय." त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर कुंकवाचा ओला थर होता.

"खंडेनवमीले म्या लावलं," वामनराव पुटपुटले. "हालाले लागली, मंग रोजच लावतो."

"ओल्या कुंकवातून ठिणगी बाहेरच पळते. तुमी पूजा वाढवली, दुखनं वाढलं."

डॉक्टरांनी इंजिन बंद करून प्लग काढून पुसला, आतली काजळी खरवडली, तो परत बसवून हँडल मारलं. आत कोणी नव्हतं, तरी मोटार शांत होती. बुवा केव्हाच पसार झाले होते.

"चाल घरी," पार्बताबाई खालमानेनं म्हणाली.

तानुबाई हलली नाही. तिनं डॉक्टरांना विचारलं, "म्हंजे, ते यात नाहीत?"

"नाहीत बाई. मेलेला मानूस कुठंच शिरत नाही. त्याच्यासाठी रडावं. त्याच्या नावानं कोनाले घराबाहेर काढू नये."

तेव्हा तानुबाई तिथंच खाली बसली आणि सहदेव गेल्यापासून पहिल्यांदा रडली.