पाच पायऱ्यांचा तक्ता आणि भाऊबीजेच्या माशा

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. वर-खाली लाकडी दांडी, मागे कापड, आणि टांगायला एक सुतळी. मंगरूळपीरपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या एका शाळेत, आठवीच्या वर्गात, मी चौदा वर्षांपासून लटकतो आहे. माझ्या डोक्यावर 'वैज्ञानिक पद्धत' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. त्याखाली पाच पायऱ्या आहेत: निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. गृहीतक म्हणजे तपासून पाहण्याआधी मनाशी बांधलेला अंदाज. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण या वर्गात तो शब्द पाठ करणाऱ्या निम्म्या मुलांना त्याचा अर्थ माहीत नसतो, आणि त्यावरून माझं डोकं आधीच तापलेलं आहे.

माझा जन्म एका छोट्या छापखान्यात झाला. ज्या चित्रकाराने मला रंगवलं त्याने सगळ्यात आधी 'निष्कर्ष' ही शेवटची पायरी लिहिली, कारण हिरव्या रंगाचा डबा उघडा होता आणि तो वाळून चालला होता. मग त्याने कोपऱ्यात पांढरा कोट घातलेला एक माणूस काढला. 'प्रश्न' सर्वांत शेवटी लिहिला, तोही जेवून आल्यावर. तरी मी छान दिसत होतो. सांगायचा मुद्दा एवढाच, की मी स्वतःसुद्धा माझ्या पायऱ्यांच्या क्रमाने तयार झालेलो नाही.

शाळेत आलो तेव्हा माझं फार कौतुक झालं. तपासणीला साहेब आले, माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "वा, सुंदर!" तेव्हा मी फुगलो होतो, हे कबूल करतो. पण नंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं? रोज छडीच्या टोकाने माझ्या पोटात टोचायचं आणि मुलांनी एका सुरात ओरडायचं. 'गृहीतक'वरचा रंग तर छडीने पार उडवला. प्रार्थना म्हणावी तशा मुलांनी माझ्या पायऱ्या म्हटल्या, आणि प्रार्थनेइतकंच त्यांच्याकडे लक्ष दिलं.

प्रयोगवहीची गोष्ट ऐकाल तर तुम्हीही कपाळाला हात लावाल. परीक्षा जवळ आली की सगळा वर्ग एका दुपारी वर्षभराचे प्रयोग लिहून काढायचा. आधी निष्कर्ष, कारण तो पुस्तकात असतो. मग निष्कर्षाला शोभतील अशी निरीक्षणं, थोरल्या भावाच्या जुन्या वहीतून. लोलकाच्या प्रयोगात कुणीतरी चौथ्या ओळीत चोवीसऐवजी बेचाळीस लिहिलं होतं. ती चूक सात वर्षं एका वहीतून दुसऱ्या वहीत गेली आणि दर वर्षी तिच्या बाजूला लाल शाईची सही झाली. मी समोर टांगलेला होतो. वर पायऱ्या नीट क्रमाने लिहिलेल्या होत्या! काय उपयोग झाला?

बरं, माझ्या पायऱ्या म्हणजे ब्रह्मवाक्य आहे का? मुळीच नाही. जो ताऱ्यांचा अभ्यास करतो तो तारा उचलून प्रयोगशाळेत आणतो का? जो जमिनीतून जुनी हाडं उकरतो त्याने कुठला प्रयोग केला? कुणी आधी अंदाज बांधतो, कुणी नुसतं बघत बसतो आणि अंदाज मागाहून येतो, कुणाच्या हातून काहीतरी सांडतं आणि त्यातून नवीन गोष्ट कळते. मी एक वाट दाखवतो, ती चांगली आहे. पण ती एकच आहे असं मी कधी म्हटलं? एवढी जागाच नाही माझ्यावर!

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आठवीतली वैभवी माझ्या अगदी खालच्या बाकावर बसते. तिची आजी प्रयागबाई शाळेमागच्या मळ्यात भाजी पिकवते आणि मंगरूळपीरच्या बाजारात नेऊन विकते. त्यातलं मुख्य पीक कोहळ्याचं. तुमच्यापैकी काही जण त्याला लाल भोपळा म्हणत असाल. दोन हंगाम झाले, प्रयागबाईच्या वेलांना फुलं भरपूर येत, पण फुलांमागची बारीक फळं पिवळी पडून गळून जात. शेजारी किशनकाकांचा वांग्यांचा मळा. ते सकाळी वारा नसतो म्हणून सकाळीच औषध फवारत. प्रयागबाईने त्यांना दोनदा सांगून पाहिलं की तुझ्या फवाऱ्याने माझ्याकडे मधमाशा येत नाहीत, म्हणून फळ धरत नाही. ते म्हणाले, "काकू, हवा बदलली, त्याले मी काय करू?" शेवटी प्रयागबाईने ठरवलं की यंदा कोहळं धरलं नाही तर पुढच्या साली वेल लावायचेच नाहीत.

दिवाळीच्या सुमारास वैभवी सकाळी मळ्यात राखणीला बसायची. बसल्या बसल्या ती रोज दहा उमललेली फुलं धरून सात ते आठ या तासात त्यांच्यावर किती मधमाशा येतात ते मोजायला लागली. महिनाभर मोजलं. वही म्हणजे एका जुन्या वहीची मागची पानं. त्यावर चिखलाची बोटं, चहाचा गोल डाग, आणि तारखेपुढे आकडे. साध्या दिवशी तीस-चाळीस माशा. किशनकाकांनी फवारलं त्या दिवशी तीन किंवा चार. महिन्यात चारदा फवारणी झाली आणि चारही वेळा असंच झालं.

डिसेंबरात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. वैभवीने ती वही विज्ञानाच्या उदयसिंग सरांना दाखवली. सर माणूस वाईट नाही. मुलांसाठी स्वतःच्या गाडीवर सामान वाहून नेणारा माणूस. पण प्रदर्शनाच्या फॉर्मवर पाच चौकोन होते, माझ्याच पाच पायऱ्यांचे, प्रत्येकाला दहा गुण. सरांनी वही पाहिली, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"वैभवी, याच्यात गृहीतक कोठी हाये?"

"सर, म्या मनात काईच धरलं नोतं. मले माशा पाह्याले बरं वाटते, म्हनून मोजल्या."

"असं नाई चालत बेटा. पयले गृहीतक, मंग प्रयोग. मांगची तारीख टाकून गृहीतक लिही. अन् हे तीन दिवस रिकामे काहून?"

"भाऊबीजेले आमी मामाकडं गेलतो ना सर, किन्हीराजाले."

"रिकाम्या ओळी पाहून परीक्षक म्हनतीन, पोरीनं आळस केला. आठ-आठ दिवसांनी फवारा, असं धरून भरून टाक. अन् हे एक ओळ पाह्य. फवारा नाई, तरी माशा चारच? हे काढ. निकाल बिघडते याच्यानं."

वैभवीने माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. अहो सर, ज्या दिवशी तिने मोजलं नाही त्या दिवशी माशा कुठून आणायच्या? माझ्या एकाही पायरीवर 'भरून टाक' असं लिहिलेलं आहे का? पण तक्त्याला तोंड नसतं. दोन दिवसांत स्वच्छ कागदावर, पट्टीने आखून आणि पुठ्ठ्यावर चिकटवून, एकही रिकामी ओळ नसलेली सुबक पाटी तयार झाली. भाऊबीजेच्या ओळीत लिहिलं होतं: फवारणी होय, माशा तीन.

प्रदर्शनाला मलाही नेलं. गुंडाळून, सरांच्या गाडीवर आडवा बांधून. वैभवीच्या टेबलामागे मला टांगलं, म्हणजे परीक्षकांना पायऱ्या दिसाव्या. प्रयागबाई बाजार आटोपून आली आणि रिकामी टोपली पालथी घालून टेबलाजवळ बसली. वाशीमहून परीक्षक म्हणून आलेल्या प्रियदर्शनी मॅडम हातात फॉर्म घेऊन फिरत होत्या. त्यांनी पाटी वाचली, मान डोलावली आणि पाचही चौकोनांत भराभर गुण लिहायला सुरुवात केली. सरांचा चेहरा खुलला. मला मात्र मान खाली घालावीशी वाटत होती.

तेवढ्यात किशनकाका आले. त्यांना प्रयागबाईनेच बोलावलं होतं. "पाह्य भाऊ," ती म्हणाली, "मी सांगत होती ते तुले खोटं वाटे. पोरीनं रोज मोजून लिहून ठेवलं."

किशनकाकांनी पाटीवर बोट ठेवलं आणि एकेक ओळ वाचत खाली आले. मी वरून पाहत होतो. मधे एकदा त्यांची मान हललीसुद्धा. मग बोट थांबलं.

"भाऊबीजेले म्या फवारा मारला?"

सर टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"त्या दिशी मी वाशीमले बहिनीच्या घरी होतो. पंप माह्या कोठ्यात टांगेल होता." त्यांचा आवाज चढला. "एक ओळ लबाड, तं बाकीच्या खऱ्या कायवरून मानू? काकू, तुमी पोरीकडून माह्यावर लिहून घेतलं. चार लोकांत माह्यं नाव खराब कराले."

प्रयागबाईचा चेहरा उतरला. "वैभे, त्या दिशी आपून किन्हीराजाले होतो ना वं?"

किशनकाका जायला वळले. ते तसे गेले असते तर पुन्हा कुणाच्या सांगण्याने ऐकले नसते. चार फवारे खरे होते, माशा खऱ्या होत्या, महिनाभराच्या सकाळी खऱ्या होत्या. आणि हे सगळं एका ओळीने बुडवलं, जी फक्त माझ्या चौकोनांना बरं वाटावं म्हणून भरली होती. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता.

वैभवीने दप्तरातून जुनी वही काढली. "किशनकाका, ते पाटी खोटी हाये. खरी वही हे हाये."

सर पुढे आले. "पोरीची चूक नाई. म्या भराले लावलं तिले."

किशनकाकांनी वही घेतली. भाऊबीजेच्या पुढे आकडा नव्हता. 'मोजलं नाही. मामाकडे.' एवढंच होतं. पुढच्या पानावर ते पुन्हा थांबले आणि मोठ्याने वाचलं, "फवारणी नाही. माशा चार. आभाळ होतं. कारण माहीत नाही." हीच ती ओळ, जी सरांनी काढायला लावली होती.

"हे कायले लिहिलं तू? हे तं माह्या बाजूचं हाये."

"तसं झालं, म्हनून लिहिलं," वैभवी म्हणाली.

किशनकाकांनी त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग वही मिटून त्यांनी विचारलं, "कोहळ्याचं फूल मिटते कधी?"

"दहा-अकराले मिटते, काका."

"मंग मी पंप सांजच्याले काढीन. सांजच्यालेबी वारा पडते. चार फवारे तसे मारून पाहीन. नाई फरक पडला तं माह्यं मी सकाळी मारीन, मंग मले काई म्हनू नोका." प्रयागबाईने पदराने डोळे पुसले आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.

प्रियदर्शनी मॅडमनी फॉर्मवरचे गुण खोडले. "गृहीतक आणि प्रयोगाचे चौकोन मला रिकामे ठेवावे लागतील," त्या म्हणाल्या. "नियम आहे. ही वही मला पाटीपेक्षा जास्त आवडली, पण आवडीचा चौकोन या फॉर्मवर नाही." वैभवीचा नंबर आला नाही. पहिला नंबर गेला ज्वालामुखीला, ज्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर होतं आणि पाचही चौकोन भरलेले होते. आता यावर मी काय बोलू?

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला शेवटी विनवतात की आम्हाला जपा. माझी विनंती उलटी आहे. माझी इतकी काळजी घेऊ नका. माझी सुतळी कुजली आहे, ती बदलली तर उपकार होतील, पण माझ्या पायऱ्या राखण्यासाठी कुणाला खोटा आकडा लिहायला लावू नका. एखादी पायरी गाळावी लागली तर गाळा, उलटी चढावी लागली तर उलटी चढा. पण जे पाहिलं तेच लिहा, जे पाहिलं नाही तिथे तसं लिहा, आणि आपल्या विरुद्ध जाणारी ओळ पुसू नका, म्हणजे शेजारच्यालाही ते तपासून पाहता येईल. त्या चिखलाच्या वहीत एवढंच होतं, आणि तेवढ्यावर एका हट्टी माणसाने आपली फवारणीची वेळ बदलली.

मार्चमध्ये उन्हाळी कोहळ्याला फुलं आली. महिनाभराने एका सकाळी, वर्ग चालू असताना, किशनकाका दारात उभे राहिले. त्यांच्या हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं आणि त्यावर त्यांनी पेन्सिलने स्वतः आकडे लिहिले होते.

"सर, एक मिनिट," ते म्हणाले. "वैभवी, चार फवारे सांजच्याले मारले म्या. तीनदा दुसऱ्या दिशी माशाच माशा. काकूच्या वेलाले फळंबी धरून राह्यले. पन एक डाव माशा आल्याच नाई. आभाळबी नोतं. काहून?"

"मले नाई माहीत काका," वैभवी म्हणाली.

"मलेबी नाई. मंग चाल, पाहू."

सरांनी छडी टेबलावर ठेवली आणि सगळा वर्ग मळ्याकडे निघाला. जाताना माझ्याकडे एकानेही पाहिलं नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.