चौथं नाव

निवेदिकेने मायक्रोफोनचं बटण बंद केलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो साहेब, चौथं नाव घेतलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"चौथं घेतलं की पाचवंवाले येतील," स्टेशनमास्तर चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "तिन्हींत पहिलं कुठलं, यावरूनच दोन मोर्चे झेललेत मी."

एकाच शहराची तीन नावं. परक्या राज्यकर्त्यांच्या जिभेला पेलेना म्हणून त्यांनी मधून छाटलेलं एक, व्यापाऱ्यांनी तोंडात घोळवून गुळगुळीत केलेलं दुसरं, आणि सरकारने घासूनपुसून बसवलेलं तिसरं. ज्यातून ही तिन्ही निघाली, ते नावाड्यांचं मूळ नाव, होड्या बांधायच्या खुंटावरून पडलेलं, मात्र कुणाच्याच खिजगणतीत नव्हतं. नदीच्या वरच्या अंगाची म्हातारी माणसं तेवढी अजून तेच म्हणायची. निवेदिकेची आईही.

मागच्या खेपेला लेकीकडे येताना आई गाडीत खिडकीशी ढिम्म बसून राहिली आणि थेट शेवटच्या स्टेशनावर सापडली. लेकीच्या तोंडून पुकारा ऐकूनसुद्धा! फोन होता, पण बॅटरी उतरेल म्हणून बंद. आई ज्याच्याकडे राहायची त्या दादाने तेव्हाच बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर आईला एकटीला पाठवणार नाही. आणि तिला आणून सोडायला दादाला सवड कधीच नव्हती. म्हणजे आईचं येणंच संपलं. निवेदिकेने फोनवर तिन्ही नावं तिच्याकडून घोकून घेतली होती. आई नुसती हूं हूं करत होती.

गाडी फलाटाला लागली. तिने तिन्ही नावं पुकारली. एकही पांढरं डोकं दाराशी येईना. तिचा जीव टांगणीला लागला.

"उतर की गं बाई," ती दातओठ खात पुटपुटली, आणि पुन्हा बटण दाबून तिने चौथं नाव घेतलं.

स्टेशनमास्तरांचं बिस्किट चहात पडलं.

शेवटच्या डब्यातून गाठोडं सावरत आई उतरली. तिच्यामागून एक आजोबा, मग काठी टेकत दोन म्हाताऱ्या. निवेदिका धावत गेली.

"आई, तीन नावं पाठ करून घेतली होती ना तुझ्याकडून?"

"पाठ आहेत की. पण ती काय, कुणीही म्हणतं." आईने गाठोडं तिच्या हातात दिलं. "हे तिघं मघाच उठायला निघाले होते. मीच बसवलं. म्हटलं, तिथे माझी लेक आहे, ती सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही."

"आणि मी सांगितलंच नसतं तर?"

"नसतं कसं?" आई वैतागून म्हणाली आणि चालू लागली.