माहेरची अंघोळ

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही एका घराच्या छपरापेक्षा उंच, आभाळात एका जागी स्थिर उभे आहात. खाली कौलं दिसतात, पन्हळीत साचलेली पानं दिसतात, अंगणात मान वर करून उभी असलेली एक बाई दिसते. तुम्ही जे पाहता तेच तिच्या हातातल्या पडद्यावर तिलाही दिसतं. असं रोज पाहणारा मी एक ड्रोन आहे. आता जुना झालो, आणि गेले बरेच दिवस जमिनीवरच आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एकानं पाय बसवले, दुसऱ्यानं पाती, तिसऱ्यानं पोटात डोळा. माझ्या चौथ्या मोटरच्या तारेला डाग देताना, म्हणजे वितळलेल्या धातूनं ती जोडताना, मात्र हात घाईत होता. तार चिकटल्यासारखी दिसली, पण डाग कच्चा राहिला. तपासणाऱ्यानं पाठ थोपटावी तशी मला टिचकी मारली आणि खोक्यात घातलं. सोबत हमीचं कार्ड दिलं. वर्षभरात काही बिघडलं तर आम्ही आहोत, असं त्यावर लिहिलं होतं. लेकीला सासरी धाडताना आईबापांनी धीर द्यावा, तसे ते शब्द मला वाटले. तो कारखाना मी माझं माहेर मानलं.

मी ज्या घरी आलो, तिथली आई छपरं दुरुस्त करायची. शिडीवरून पडून तिचा गुडघा अधू झाला होता. चढताना तो मधेच दगा द्यायचा. म्हणून तिनं मला आणलं. मी वर जाऊन फुटकं कौल शोधायचो. मग गरज असेल तिथेच, तेवढंच तिला चढावं लागायचं. बाकी वेळ ती जमिनीवर असायची.

तिच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. फक्त मला पुसताना बसायची. रंगाचा मऊ कोरडा ब्रश घेऊन ती माझ्या सांध्यांतली धूळ झटकायची आणि पुटपुटायची, "आईला वर पाठवायचं नाही हं. तू जायचं."

मीही शब्द पाळत होतो. पण एका कोरड्या ठणठणीत दुपारी, मी एका उंच छपरावर असताना, तो कच्चा डाग सुटला. चौथी मोटर थांबली. मी भोवऱ्यासारखा फिरत खाली आलो आणि कुंपणाच्या झुडपात अडकलो.

आईनं मला काट्यांतून सोडवलं. "हमी आहे ना," ती भिंगरीला म्हणाली, "दुरुस्त होऊन येईल."

मला खोक्यात घालून कंपनीच्या सेवा केंद्रात नेलं. खरं सांगू? मला आनंदच झाला होता. माहेरी चाललो होतो. तिथल्या कारागिरानं मला टेबलावर घेतलं आणि उघडण्याआधी माझ्यावर गार फवारा मारला. वर, खाली, पोटाच्या फटींतून आतपर्यंत. मला न्हाऊ-माखू घालतायत असं वाटून मी सुखावलो. मग त्यानं स्क्रू काढले. माझ्या पोटात टिकलीएवढा एक पांढरा कागद चिकटवलेला असतो. पाणी लागलं की तो लाल होतो.

तो लाल झाला होता.

कारागिरानं नोंद केली: टिकली लाल, पाण्याचा संपर्क, ग्राहकाची चूक, हमी रद्द. चौथ्या मोटरकडे त्यानं पाहिलंही नाही. मला बंद करून परत पाठवलं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी, ताटं आणि तो नोंदीचा कागद, असे सगळे एकत्र होतो. आईचा भाऊ जेवायला आला होता. त्यानं कागद वाचला.

"पाण्यात कधी पडला?"

"कधीच नाही," आई म्हणाली.

"ताई, कंपनी खोटं कशाला बोलेल? टिकली लाल झाली म्हणजे झाली." त्यानं भिंगरीकडे पाहिलं. "पोरं ओल्या फडक्यानं पुसतात. आमच्याकडच्या पठ्ठ्यानं तर रिमोट धुऊन वाळत घातला होता."

"मी ब्रशनंच पुसते, मामा."

"मी कुठे काय म्हणतोय."

ताटं उचलताना आईनं हळूच विचारलं, "खरं सांग, बाळा. मी रागावणार नाही."

"नाही पुसलं गं पाण्यानं."

"चुकून एखाद्या वेळी?"

भिंगरी उठली आणि आपल्या खोलीत गेली. मित्रांनो, तोंड असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो. कच्चा डाग माझ्या पोटात होता, तो दिला माझ्याच माणसांनी, आणि लागला मात्र त्या पोरीला.

पुन्हा शिडी निघाली. सवयीनं आईनं माझं उघडं खोकंही गाडीत ठेवलं. गाडीच्या काचेतून मी पाहत होतो. कामावरून उतरताना तिचा गुडघा वळला, हात भिंतीवर घासला आणि कोपर सोललं. घरी भिंगरीनं जखम धुतली, औषध लावलं. मग म्हणाली,

"आई, मला त्या सेवा केंद्रात ने. ती टिकली मला बघायचीय."

"काय उपयोग? त्यांनी लिहून दिलंय."

"तू त्यांचं वाचलंस. माझं नुसतं ऐकलंस."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. बाकावर माणसं मांडीवर खोकी घेऊन, दवाखान्यात बसावीत तशी बसली होती. टेबलामागच्या टाय लावलेल्या माणसानं आमचा कागद पाहून हसून मान हलवली. "ताई, एकदा नोंद झाली की झाली." आणि मग मागच्या दाराकडे वळून हाक मारली, "अहो, पुढच्याची अंघोळ उरकली का?"

"अंघोळ म्हणजे?" भिंगरीनं विचारलं.

कारागीर हात पुसत बाहेर आला होता. भला माणूस. मुलांना समजावून सांगायची हौस असावी. "आमची इथली शिस्त आहे बघ. यंत्र धुळीनं माखलेलं येतं. तसंच उघडलं तर कण आत जातात. म्हणून आधी फवारा, मग स्क्रू."

"फवारा कशाचा?"

"पाणी. थोडा साबण."

"आणि टिकली कधी बघता?"

"उघडल्यावर."

"म्हणजे अंघोळीनंतर."

कारागीर आपले पुसून कोरडे झालेले हात पुन्हा पुसू लागला. टायवाला म्हणाला, "ते आतलं काम असतं, बेटा. तुला नाही कळणार."

"मला कळलं," आई म्हणाली.

मला वाटलं, आता कारागीर बोलेल. एक वाक्य पुरेसं होतं. तो माझ्या माहेरचा माणूस, त्याच्या हातांनीच मला भिजवलं होतं. त्यानं आईच्या सोललेल्या कोपराकडे पाहिलं, टायवाल्याकडे पाहिलं, आणि आत निघून गेला. दार लागलं. थोड्या वेळानं आतून पुन्हा फवाऱ्याचा आवाज आला.

"तुमचं म्हणणं वर कळवतो," टायवाला म्हणाला. "पण नोंद तीच राहील."

आई दुखरा गुडघा सांभाळत भिंगरीसमोर वाकली. "मी तुला तसं विचारायला नको होतं."

"तू दोनदा विचारलंस."

"हो. दोनदा."

भिंगरीनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं, पण लगेच उचललं. राग पुरता गेला नव्हता, आणि तो जाऊही नये इतक्यात.

मित्रांनो, मी अजून उडत नाही. आई अजून शिडी चढते. मी काही शहाणपणाच्या मोठ्या गोष्टी सांगणारा नाही, मी एक यंत्र. पण एवढं लक्षात ठेवा. एखादी वस्तू बनवलीत, तर ती बिघडल्यावरही ती तुमचीच असते. आणि कुणाच्या अंगावर पाण्याचे थेंब दिसले, तर त्याला दोष देण्याआधी आपला हात ओला आहे का ते पाहा. छापील कागदावरचं वाक्य आणि घरातल्या पोराचं वाक्य यांत निवड करायची वेळ आली, तर पोराचं आधी नीट ऐकून घ्या.

आई मला घेऊन दाराकडे निघाली. "चल, भिंगरी."

भिंगरी आली नाही. ती बाकावर बसलेल्या पहिल्या माणसापुढे जाऊन उभी राहिली. त्याच्या मांडीवर खोकं होतं, हातात हमीचं कार्ड होतं.

"काका," ती म्हणाली, "हे आत देऊ नका. इथेच, तुमच्यासमोर उघडायला सांगा. अंघोळीच्या आधी."

टायवाल्यानं मान वर केली. तोवर ती काकांच्या शेजारी बसलेल्या आजींकडे वळली होती.