दोन विती आतला चौकार

मित्रांनो, मी क्रिकेटच्या मैदानाभोवती पडून राहणारा, मनगटाएवढा जाड असा एक जुना दोर आहे. चेंडू मला लागला की चौकार! काम एवढंच, पण तेवढ्यासाठी माणसं घसा बसेपर्यंत ओरडतात, म्हणून मला जरा ताठा आहे. तो मी लपवत नाही.

मला वळलं होतं जहाजं धक्क्याला बांधून ठेवायला. पण मैदान सांभाळणाऱ्या मामांनी कारखान्यात मला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "हाच द्या." प्रादेशिक करंडकाचे सामने तेव्हा नवे होते. सीमेवर नुसती फक्कीची पांढरी रेघ असायची आणि चेंडू अलीकडे की पलीकडे यावरून रोज भांडणं. मग मामा ती रेघ आखून तिच्यावर मला अंथरू लागले.

तेव्हाचे खेळाडू म्हणजे कुणी बँकेतला कारकून, कुणी शाळामास्तर. रजा काढून यायचे आणि शाळेतली बाकं जोडून झोपायचे. सामना चार दिवसांचा. तेवढ्यात निकाल लागला नाही, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त, तो जिंकला. सकाळी गवतावरचं दव झाडायला मला साऱ्या मैदानावरून ओढायचे. मी चिंब व्हायचो, पण मामा उन्हात पसरून मला वाळवायचे. फार लाड केले हो त्यांनी माझे!

आमच्या संघाने बावीस वर्षांत करंडक जिंकला नव्हता. मामा म्हणायचे, "एकदा तो या मैदानात दिसू दे, मग खुशाल घरी बसवा मला."

आणि आली एकदाची अंतिम फेरी! चौथा दिवस, दुपार. पाहुण्यांच्या पहिल्या डावात तीनशे बारा धावा. आमच्या तीनशे नऊ, आणि शेवटची जोडी खेळत होती. फलंदाज कोण, तर मामांचा सख्खा भाचा. तो खरा गोलंदाज. त्याच्या हातात बॅट म्हणजे नुसती शोभा. पण पठ्ठ्याने डोळे मिटून असा काही फटका हाणला की ज्याचं नाव ते! दोघांनी पळून दोन धावा काढल्या, तोवर चेंडू घरंगळत आला, मला टेकला आणि थांबला. पंचांनी चौकाराची खूण केली. तीनशे तेरा! टोप्या उडाल्या, शिट्ट्या घुमल्या.

पण मी माझ्या जागेवर नव्हतो.

मामा नाचत माझ्याजवळ आले आणि थबकले. फक्कीची रेघ माझ्या मागे दोन विती दिसत होती. शेजारीच खुर्ची टाकून त्यांची बहीण, म्हणजे भाच्याची आई, बसली होती.

"हा दोर कुणी ओढला गं?"

"मीच! सावली सरकली म्हणून खुर्ची सरकवली. पायात हा मेला कडमडत होता, म्हणून पुढे सारला. का रे दादा?"

मामांचा बूट माझ्या अंगाला लागला. एक ढुशी, की मी रेघेवर! कुणाला कळलं नसतं. तो बूट थोडा वेळ तसाच राहिला. मला तोंड असतं तर काय म्हणालो असतो, देव जाणे.

मग मामांनी हात वर केला. "पंच, जरा इकडे या. दोर सरकलाय."

नियम साधा आहे: दोर सरकला तरी सीमा मूळ जागीच. चौकार रद्द झाला, पळून काढलेल्या दोनच धावा धरल्या. तीनशे अकरा.

"मामा, आजच तुझी नजर एवढी तेज कशी झाली रे?" भाचा कळवळून ओरडला. पुढच्याच षटकात त्याचा त्रिफळा उडाला. एका धावेने करंडक गेला.

"आठ दिवस माझ्याशी बोलू नकोस!" बहीण मामांना म्हणाली. तिसऱ्या दिवशी स्वतःच चहा घेऊन आली, ती गोष्ट वेगळी.

पुढच्या हंगामात दुसऱ्या विभागाचा एक तरुण कर्णधार सीमा मोजायला फीत घेऊन आला. त्यांच्यातला एक जुना खेळाडू हसून म्हणाला, "गुंडाळ ती फीत. हा मामांनी टाकलेला दोर आहे. तो मोजायचा नसतो."

मामा पाठ फिरवून माझी नसलेली गाठ सोडवत बसले. हरल्या दिवशी टिपूस न काढणारा माणूस, पण त्या दिवशी डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. करंडकही आला नंतर, सहा वर्षांनी. पण मामांना विचाराल, तर ते आधी या फितीचीच गोष्ट सांगतील.

आता सीमेवर जाहिरातींचे फुगीर ठोकळे असतात आणि मी कोठीत जुन्या जाळ्यांखाली पडलेला असतो. उंदीर कुरतडतात हो! कधी तरी मला उन्हात काढा. आणि मित्रांनो, सामना बघताना सावली सरकली, तर खुर्ची खुशाल सरकवा. फक्त मागे सरकवा.