लोंबता पाय

भाताचं एक तूस मावेल एवढी काळी फट – घोट्याच्या आतल्या अंगाला, दोन हाडांच्या मधे – आणि तिच्यावर माउसने ओढलेली पिवळी रेघ. तीन पूर्णांक आठ मिलिमीटर. चारच्या आत. म्हणजे बाहेरचं हाड चिरलं असलं तरी आतला बंध शाबूत, म्हणजे नुसतं प्लास्टर, म्हणजे सकाळी पाय धरून आलेली राही आज दुपारच्या गाडीने सूर्यमाळला घरी... आकडा लिहून डॉक्टरांकडे पाठवला तेव्हा पुष्पलताला बरं वाटलं होतं, आणि ते वाटणं राहीपेक्षा स्वतःसाठीच जास्त होतं, हेही तिला ठाऊक होतं. पाच-सहा निघाले की नाशिक, ऑपरेशन, रडारड. एक्स-रेच्या खोलीत बावीस वर्षं काढल्यावर माणूस हाडांना नाही, रडारडीला भितो.

डबा उघडण्याआधी हात धुवायला ती बाहेर आली. बाकावर राही प्लास्टरची वाट पाहत बसली होती. पुष्पलता समोरून जाताना तिने सुजलेला पाय लुगड्याखाली ओढून घेतला – ओठावर घाम आला, तरी ओढलाच. पुष्पलता दोन पावलं पुढे गेली, आणि नळ सुरू करून तशीच उभी राहिली... पाणी वाहतंय, हात कोरडे.

पुष्पलताच्या सासरी, खोडाळ्याला, एकच खोली. सासरे दाराशी खाटेवर. दाराकडे, म्हणजे वडीलधाऱ्याकडे, पाय होऊ नयेत म्हणून ती गुडघे पोटाशी घेऊन निजायची. सासरे जाऊन सहा वर्षं झाली, खाटही कुणी नेली – गुडघे अजून पोटाशीच.

आणि सकाळी टेबलावर राहीला कुशीवर निजवून पाऊल कडेबाहेर काढलं होतं, ते आपल्या भाराने लोंबावं म्हणून. आतला बंध तुटला असेल तर त्या भाराने फट उघडते. पण ज्या काचेमागून बटण दाबायचं ती त्याच अंगाला, आणि काचेमागे, पावलाच्या थेट समोर, कोण उभं होतं? मीच की.

ती परत येऊन बाकावर टेकली. "सकाळी पाय सैल सोडला होतास का गं?"

"सैल कसा सोडू?" राही हसली. "तुमचेकडं होतो ना पाय, ताई. उचलून धरला."

"दुखला नाही?"

"दुखला ना. तरी धरला."

रीत पाळल्याचं समाधान होतं तिच्या तोंडावर. मग ती आपणहून सांगत बसली – लेक चैती पाच वर्षांची, कुणाकडे राहत नाही. झरा खाली दरीत. जाऊ बुधी दोन दिवस पाणी भरते आहे आणि प्रत्येक हंड्याला एक टोमणा मारते आहे. पुष्पलता ऐकत होती आणि तो उतार बघत होती, डोक्यावर दोन हंडे, आणि आतून सुटलेला घोटा... गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? कागद गेला होता. भाजी निवत होती. डॉक्टर कुरकुरणार, ते वेगळंच.

तिने राहीला पुन्हा आत नेलं. शिशाचा जड एप्रन चढवला, बटणाची लांब वायर ओढून घेतली आणि या खेपेला राहीच्या उशाशी उभी राहिली, एक हात तिच्या केसांवर.

"आता तिकडं कुणी नाही, नुसती भिंत आहे. भिंतीला पाय दाखवलास तर ती काही रागवायची नाही."

"सरकारी भिंत हाय, ताई. काय सांगता येतंय?"

दोघी हसल्या. हसण्याच्या नादात ते पाऊल खाली आलं – कितीतरी वर्षांनी खाली ठेवलेल्या ओझ्यासारखं – आणि पुष्पलताने बटण दाबलं.

काचेमागे ती स्टुलावर बसली. फट. रेघ. सहा पूर्णांक एक.

"बरा आला ना, ताई?" पलीकडून राही.

सकाळी तिने चारच्या आतला आकडा मागितला होता, मनातल्या मनात, सुटका मागावी तसा. आता काहीच मागावंसं वाटेना. दमणूक होती तशीच होती, पाठीत, डोळ्यांत. फक्त ती आता कुठे पळू बघत नव्हती. नाशिक हा शब्द कसा काढायचा, चैतीचं नाव आधी घ्यायचं की नंतर... राही नाशिकला जाईल, की उठून लंगडत घरची गाडी पकडेल...

"आले, थांब," ती म्हणाली, पण उठली नाही. खाली पाहिलं तर चपला कधीच निघाल्या होत्या, आणि तिचे पाय सरळ पसरले होते, थेट दाराकडे. ते तिने तसेच राहू दिले.