सात विश्वस्त आणि एक बाक

माणसं तीन दिवस गप्प बसायला जिथे येत, त्या केंद्राचा कारभार सात अखंड बोलणाऱ्या माणसांच्या हाती होता. सातही विश्वस्त बिनपगारी. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी भली माणसं. त्यांच्या चांगुलपणाबद्दल ताईच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती आपण आणखी किती दिवस टिकू याची.

ताई म्हणजे केंद्राची व्यवस्थापक. महिन्यातून एकदा मंडळाची बैठक होई, ठराव होत, चहा होई. मग उरलेले दिवस ज्याला जसं सुचेल तसा तो येऊन हुकूम सोडून जाई. विश्वस्तांपैकी एक दंतवैद्य, ते म्हणत, "ताई, खोल्यांना कुलपं लावा." दोन दिवसांनी दुसरे विश्वस्त, कंत्राटदार येत. "कुलपं कसली? हा काय तुरुंग आहे?" ताई लावी, ताई काढी. नऊ वर्षांत तिच्या नाकी नऊ आले होते. जागेवर जीव होता, म्हणून तर त्रास जास्त. "सोड ती नोकरी," असं नवरा नेहमीच म्हणे. परवा ती पहिल्यांदा "बरं" म्हणाली आणि भांडी घासता घासता रडली.

मंडळाचा एक जुना नियम होता: वर्षातून एकदा विश्वस्तांनीही पाहुण्यांसारखं तीन दिवस मौनात राहायचं. एवढं शिबिर पार पाडायचं आणि सोमवारी राजीनामा द्यायचा, असं ताईने ठरवलं.

पहिल्या सकाळी सगळे मूग गिळून बसले. ताईला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण सवय कुठे जाते? बोलता येईना, तेव्हा मंडळी स्वतःच कामाला लागली. कंत्राटदारांनी अंगणातला लाकडी बाक ओढत झाडाखाली नेला. दुपारी दंतवैद्यांनी तो उन्हात आणला. संध्याकाळी बाक पुन्हा झाडाखाली. कोण हलवतंय हे विचारायची सोय नाही, त्यामुळे दोघांनाही वाटे, ही ताईचीच करामत. येता-जाता दोघेही तिच्यावर डोळे वटारत. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघत होती, पण बोलायला बंदी तिलाही होती.

तिसऱ्या सकाळी दोघे एकाच वेळी बाकापाशी पोचले. एकाने हे टोक धरलं, दुसऱ्याने ते. एक ओढतोय सावलीकडे, दुसरा उन्हाकडे. तोंडातून ब्र नाही, चेहरे लालबुंद. बाकीचे पायऱ्यांवर उभे राहून बघतायत. शेवटी अध्यक्षबाईंनाच हसू फुटलं. आयुष्यभर शाळेत पोरांना गप्प बसवलेल्या त्या मुख्याध्यापिका. त्यांनीच नियम मोडल्यावर मग काय राहिलं?

"अहो, चाललंय काय तुमचं?"

"ताई सारखा बाक हलवतायत," दंतवैद्य धापा टाकत म्हणाले.

"मी नाही हो!" ताई ओल्या हातांनीच बाहेर आली. "या तीन दिवसांत तुम्हीच हलवलात. एरवी मी हलवते. आज यांच्या सांगण्यावरून, उद्या त्यांच्या." तिने पदराला हात पुसले. "मंडळाचं मी सगळं ऐकेन. पण सात मालक नाही झेपत मला. सोमवारी राजीनामा देणार होते मी."

कंत्राटदारांनी बाकाचं टोक हळूच खाली ठेवलं.

बाईंनी तिथेच पायऱ्यांवर बैठक बसवली. जे ठरायचं ते बैठकीतच ठरेल. ताईला ते सांगतील फक्त अध्यक्ष. आणि रोजचा कारभार हा ताईचा प्रांत, त्यात कुणी नाक खुपसायचं नाही. कंत्राटदारांनी ठराव मांडला, दंतवैद्यांनी अनुमोदन दिलं, सातही हात वर गेले. ताईचा जीव भांड्यात पडला.

"पण मग," कंत्राटदार घुटमळत म्हणाले, "हा बाक कुठे ठेवू, ताई?"

नऊ वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिला हसू येत होतं, कारण आपल्याला तो कुठे हवाय याचा तिने कधी विचारच केला नव्हता.

"थांबा जरा," ती म्हणाली. "बसून बघते आधी."