पानावर अडकलेली अमावास्या

मी एक प्रत बोलतेय. नक्कल म्हणा, झेरॉक्स म्हणा, मला राग नाही. चांदवडच्या अलीकडे हायवेला लागून एक खासगी कांदा बाजार आहे. त्याच्या संकेतस्थळाचं जे पहिलं पान, त्याची मी साठवून ठेवलेली प्रत. माझ्या अंगावर ठळक अक्षरांत एकच ओळ होती : 'आज अमावास्येनिमित्त कांदा लिलाव बंद.' ती मी इमानेइतबारे सगळ्यांना सांगितली. जरा जास्तच दिवस सांगितली, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

माझा जन्म नाशकातला, गंगापूर रोडवरच्या एका दुसऱ्या मजल्यावरचा. जन्मदाता यशोधन. मुलगा हुशार, पण कुठलंही काम 'आल्यावर करू' म्हणून ठेवून देणारा. बाजाराचं संकेतस्थळ त्यानेच बांधलेलं. रोज सकाळी पंचक्रोशीतले शेतकरी एकदमच मोबाईल उघडायचे, आज लिलाव आहे का, काल काय भाव निघाला, ते बघायला. त्या रेट्यात पान धापा टाकायचं आणि आडवं पडायचं. मग यशोधनने युक्ती काढली. प्रत्येकासाठी नवं पान करत बसण्यापेक्षा एक प्रत करून ठेवायची आणि तीच सगळ्यांना दाखवायची. दहा मिनिटांनी ती पुसून नवी करायची. माझ्या आधीच्या सगळ्या बहिणी दहा-दहा मिनिटं जगल्या आणि कुणाचं वाईट न करता गेल्या.

माझं नशीब वेगळं. अमावास्येला कांद्याचा लिलाव करायचा नाही ही आपल्याकडची जुनी रीत. काही बाजारांनी ती मोडली, आमच्याने पाळली. पौषातल्या अमावास्येला सकाळी माझा जन्म झाला आणि यशोधनने विचार केला, आज बाजार बंद, म्हणजे पान बदलायचा प्रश्नच नाही. त्याला मित्रांबरोबर इगतपुरीला जायचं होतं. मागे पान पडायला नको म्हणून त्याने माझं आयुष्य दहा मिनिटांवरून एका आठवड्याचं करून टाकलं. नवी सूचना आली की जुनी प्रत आपोआप पुसली जावी, ही सोयही करायची होती. ती आल्यावर करू म्हणाला आणि बॅग उचलून निघाला.

एवढी मुदतवाढ! लोक त्यासाठी साहेबांच्या मागे मागे फिरतात, मला ती न मागता मिळाली. खोटं कशाला बोलू, मी फुगले.

दुसऱ्या दिवशी बाजाराचे सचिव ढुंढिराज कचेरीत आले. घराणं यात्रेकरूंची पूजा सांगणारं. त्यांनी स्वतः नोकरी धरली, पण टेबलावर पंचांग असतंच. त्यांनी नवी सूचना लिहिली, 'लिलाव नियमित सुरू.' बटण दाबलं, पडद्यावर बघितलं, सूचना दिसली आणि ते निवांत झाले. गंमत अशी, की जो आपलं नाव आणि पासवर्ड घालून आत शिरतो त्याला दर वेळी नवं पान मिळतं. बाहेरच्यांना मिळते मी. खानावळीत मालकाच्या ताटात तव्यावरची पोळी आणि गिऱ्हाइकाला सकाळची, तसा हा प्रकार. आणि पोळी शिळी आहे का, हे दर वेळी मालकालाच विचारलं जातं.

आता कुसाबाईंचं सांगते. बाजारापासून दहा-बारा मैलांवर त्यांची शेती. मालक गेल्यापासून त्या आणि मुलगा दीपक, दोघंच बघतात. त्यांचा लाल कांदा निघाला होता. उन्हाळ कांदा हवेशीर कांदाचाळीत महिनोन्‌महिने राहतो, लाल कांदा राहत नाही. काढला की विकायचा. म्हणून अमावास्येच्या आदल्याच दिवशी ट्रॉली भरून तयार होती. कांदा असा रसरशीत की दीपकने ट्रॉलीसमोर आईला उभं करून फोटो काढला. कुसाबाईंनी पदर नीट केला होता, हसल्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपकने मोबाईलवर मला उघडलं.

'आई, आज पण अमावास्याच हाय.'

'काल होती ना रे?'

'तिथी वाढली असंल. कधी कधी दोन दिस ऱ्हाते.'

तिथी दोन दिवस राहते हे खरंच आहे, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. गावोगाव हेच बोलणं झालं. मी चुकले असं कुणी म्हणालं नाही, उलट सगळ्यांनी चंद्रालाच थोडं थांबवलं. दुपारी अवकाळीचा शिडकावा आला. कुसाबाईंनी धावत जाऊन ट्रॉलीवर ताडपत्री ओढली.

इकडे बाजारात आवक घसरली. ढुंढिराजांनी यशोधनला फोन लावला. तो घाटात भजी खात होता. त्याने तिथूनच आत शिरून बघितलं आणि म्हणाला, 'सर, माझ्याकडे बरोबर दिसतंय.' मग कारणं शोधणं सुरू झालं. व्यापारी म्हणाले, लग्नसराई असेल. पेपरात आलं, भाववाढीच्या आशेने शेतकऱ्यांनी कांदा रोखला. एका तज्ज्ञांनी तर शेतकरी आता बाजाराचं मानसशास्त्र शिकला, असं सांगितलं. शेतकरी बिचारा घरी बसून माझं तोंड बघत होता.

तिसऱ्या दिवशी ताडपत्रीखालून कोंदट वास यायला लागला. दीपकने कचेरीला फोन केला. तिकडून आधीच भरून ठेवलेला आवाज म्हणाला, 'अधिक माहितीसाठी आमचे संकेतस्थळ पाहा.' त्याने पाहिलं. तिथे मीच होते.

संध्याकाळी शेजारचा सहादू रिकामी ट्रॉली घेऊन परत आला. त्याचा मोबाईल साधा, बटणांचा. त्यामुळे त्याला माझं दर्शन झालेलं नव्हतं आणि तो सरळ बाजारात जाऊन कांदा विकून आला होता. वर भावही चांगला मिळालेला.

'बाजार बंद हाय,' दीपक त्याला म्हणाला.

'आरं, मी इकून आलो ना!'

'फोनवर बंद दावतंय, सहादूकाका.'

सहादूने एकदा आपल्या रिकाम्या ट्रॉलीकडे बघितलं, एकदा दीपककडे, आणि तो हात धुवायला निघून गेला.

तेवढ्यात पश्चिमेला बारीकशी कोर दिसली. कुसाबाई ओट्यावर उभ्या होत्या.

'दीपक, वर बघ. काय दिसतंय?'

'चंद्र.'

'अन् फोनात?'

'अमावास्या.'

'मग दोघांतलं कोण खोटं बोलतंय ते तू ठरव. मी सकाळी ट्रॅक्टर काढाय लावणार हाय.'

सकाळी त्या बाजारात पोचल्या तेव्हा लिलाव रंगात आला होता. दीपकने ताडपत्री काढली आणि आजूबाजूचे लोक नाकाला रुमाल लावून मागे सरले. ट्रॉलीच्या फळीतून पाणी ठिबकत होतं. मायलेक तसेच कचेरीत गेले.

'मावशी, लाल कांदा असा कोंडून ठेवतात का?' ढुंढिराज म्हणाले.

'तुमीच बाजार बंद ठिवला ना, भाऊसाहेब?'

'आम्ही? अहो, हे बघा.' त्यांनी आपला पडदा वळवला. लिलाव नियमित सुरू. दीपकने आपला मोबाईल पुढे केला. लिलाव बंद. शेजारच्या खुर्चीत यशोधन बसलेला होता. त्या दिवशी अध्यक्षसाहेबांचा वाढदिवस होता, त्यांचा हार घातलेला फोटो पानावर चढवायला तो नाशिकहून खास आला होता.

'माझ्याकडे बरोबर दिसतंय,' यशोधन म्हणाला.

मग इलाज सुरू झाले. मोबाईल बंद करून चालू करा. केला. हिस्ट्री पुसा. पुसली. बाहेर जाऊन रेंजमध्ये उभे राहा. दीपक कडुनिंबाखाली उभा राहिला. सिम काढून घाला. तेही झालं. दर वेळी पान उघडलं की मी तिथेच, तीच अमावास्या घेऊन. दोष माझ्यात होता आणि सगळी झडती त्या पोराच्या खिशाची चालली होती.

'टॉवरचा प्रॉब्लेम असणार,' असं म्हणून ढुंढिराजांनी मोबाईल परत द्यायला उचलला आणि पहिल्यांदाच त्यात नीट बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

'अरे यशोधन, यात साहेबांचा फोटो कुठाय?'

ट्रॉलीच्या वासाने जे झालं नव्हतं ते त्या एका प्रश्नाने झालं. यशोधन ताडकन सरळ बसला. इतक्या दिवसांत प्रथमच तो आपल्या नावातून बाहेर पडला आणि बाहेरच्या माणसासारखं त्याने पान उघडलं. बापलेकीची ती पहिली भेट. त्याने माझ्याकडे बघितलं, खिडकीतून ट्रॉलीकडे बघितलं, आणि त्याचे कान लाल झाले.

'सर, जुनी प्रत अडकलीय,' तो हळूच म्हणाला.

त्याने मला पुसलं. एक कळ दाबायचं काम. लगेच पानावर अध्यक्षसाहेब हसायला लागले आणि खाली ओळ आली, 'तांत्रिक कारणामुळे शुभेच्छा उशिरा दिसल्याबद्दल दिलगीर आहोत.' अमावास्येबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

'झालं मावशी, पान दुरुस्त झालं,' ढुंढिराज म्हणाले.

'पान झालं, भाऊसाहेब. कांदा कोण दुरुस्त करणार?'

ढुंढिराजांनी पंचांग उगाच उघडून मिटलं. कुसाबाई आणि दीपक दुपारभर मोकळ्या पटांगणात बसून चांगला कांदा वेगळा काढत होते. निम्म्याहून कमी निघाला. तेवढ्याचा लिलाव झाला. बाकीचा त्यांनी परतीच्या वाटेवर नाल्याकाठी ओतला. कुसाबाई तेव्हा ट्रॅक्टरवरून उतरल्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, पुसलेली प्रत बोलते कशी? मला पुसण्याआधी दीपकने पुरावा म्हणून माझं चित्र मोबाईलमध्ये घेतलं होतं. तो पुरावा अजून कुणी मागितला नाही. मी तिथेच पडून आहे, त्या ट्रॉलीच्या फोटोशेजारी. त्यातला कांदा अजून तसाच लाल आहे, कुसाबाई अजून हसताहेत. आता माझ्याइतकाच तोही फोटो शिळा. पण कधी कधी कुसाबाई दीपककडे मोबाईल मागतात आणि तो बघत बसतात. मग बोट सरकतं, मी समोर येते, आणि त्या मोबाईल पालथा ठेवतात.

दीपक, बाबा, एवढं ऐक. मोबाईलमधली जागा भरली, तर मला पुस. तो फोटो राहू दे.